रांजणातला गिरमल्ला

बेंबळीच्या हायस्कूलात व्यंकट ओव्हाळ विज्ञान शिकवायचा. दोन वर्षं त्यानं पोरांना साप शिकवला, तो फळ्यावर. खडूनं एक वेडीवाकडी रेघ ओढायची, टोकाला दुभंगलेली जीभ काढायची आणि सरपटणाऱ्या प्राण्यांची लक्षणं सांगायची. खरा साप त्यानं लांबूनच पाहिला होता, आणि तोही बहुतेक वेळा काठीनं ठेचलेला.

त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात गावाबाहेर दुष्काळी काम निघालं होतं. ओढ्यावर बांध घालायचा होता. एका रविवारी व्यंकट सायकलवरून तिथनं चालला असताना काम थांबलेलं दिसलं. बायका घमेली टाकून लांब उभ्या होत्या आणि मुकादम पहार उगारून एका खड्ड्यावर वाकला होता.

"थांबा!" व्यंकट ओरडला. ओरडल्यावर त्याच्या लक्षात आलं की पुढं काय बोलायचं ते आपण ठरवलेलंच नाही.

खड्ड्यात मांडूळ होतं. मातकट, मनगटाएवढं जाड, आणि शेपटी अशी बोथट की तोंड कुठलं ते कळू नये.

"गुरुजी, दुतोंडं हाय," मुकादम म्हणाला. "अंगाला चाटलं तर कोड फुटंल."

"चाटू द्या की. फुटलं तर मला फुटंल."

म्हणताना तो हसला, आणि डोळे अर्धे मिटून त्यानं खड्ड्यात हात घातला. मांडूळ उचललं तेव्हा पहिल्यांदा त्याला नवल वाटलं ते ह्याचं, की ते ओलं नव्हतं, चिकट नव्हतं. सुकं, गार आणि चांगलंच जड होतं. ते रागावलंही नाही. त्याच्या मनगटाला एक वेढा घातला आणि सदऱ्याच्या बाहीत तोंड खुपसून गप्प बसलं. लांब उभ्या असलेल्या बायका खदखदून हसल्या.

"घरी न्या गुरुजी, जीव जडलाय त्याचा तुमच्यावर!"

व्यंकटनं ते खरंच घरी नेलं. सायकलच्या दांडीला अडकवलेल्या पिशवीत. अर्ध्या वाटेत त्याला घाम फुटला, पण तो सापाचा नव्हता. तो शरणम्माचा होता.

शरणम्मा त्याची घरमालकीण. पन्नाशी ओलांडलेली, एकटी, कपाळावर विभूती, गळ्यात लिंग. सगळी गल्ली तिला अव्वा म्हणायची आणि तिच्या तोंडाला भ्यायची. व्यंकट बेंबळीला रुजू झाला तेव्हा खोलीसाठी दारोदार हिंडला होता. लोक गाव विचारायचे, मग आडनाव विचारायचे, आणि मग खोली कालच दुसऱ्याला दिल्याचं सांगायचे. अव्वानं आडनाव ऐकलं, त्याच्याकडं वरपासून खालपर्यंत बघितलं आणि विचारलं, "दारू पिता? न्हाय? मग मटण-मासळी माझ्या दारात शिजवायची न्हाय. उंबऱ्याच्या आतल्या माझ्या घागरीला हात लावायचा न्हाय. पटत असंल तर ऱ्हावा." दुसरी अट त्याला टोचली होती. पण बाहेरच्या अंगाला वेगळं दार असलेली ती खोली स्वच्छ होती आणि गावात दुसरी मिळत नव्हती. दोन वर्षं त्यानं अव्वाला बोलायला जागा ठेवली नव्हती. आणि आता तो तिच्या माळवदाखाली साप आणत होता.

खोलीच्या कोपऱ्यात तडा गेलेला एक रांजण पडून होता. व्यंकटनं ओढ्यातली वाळू आणि शेतातली भुसभुशीत माती आणून तो निम्मा भरला, एका बाजूला पाण्याची वाटी ठेवली, वर भोकं पाडलेली फळी ठेवली आणि फळीवर दगड. मांडूळ मातीत शिरलं ते शिरलंच. संध्याकाळी नुसतं नाकाडं वर यायचं. खाण्याची सोय सोसायटीच्या गोदामात झाली. तिथं मदतीच्या धान्याची पोती रचलेली, आणि गावात माणसांना खायला नव्हतं तरी तिथले उंदीर गलेलठ्ठ होते. सकाळी पिंजऱ्यात सापडलेला उंदीर सेक्रेटरी रामकिसन ओढ्यात नेऊन टाकायचा. "तो मला द्या, शाळेला लागतो," असं सांगून व्यंकट आठ-दहा दिवसांतून एकदा वनस्पती तुपाचा रिकामा डबा घेऊन जायचा. शाळेला उंदीर कशाला लागतो हे रामकिसननं विचारलं नाही. शाळेला काय वाट्टेल ते लागतं, असा त्याचा समज होता.

मांडूळ उंदराला विळखा घालून आवळायचं, मग सावकाश गिळायचं आणि चार दिवस पडून राहायचं. व्यंकट कंदिलाची काच वर करून बघत बसायचा. हे सगळं अव्वाच्या नकळत दीड महिना चाललं.

मग टँकर तीन दिवस आला नाही. गल्लीत प्रत्येकाचं भांडं दुसऱ्याच्या डोळ्यावर येऊ लागलं. अव्वाच्या डोक्यात एकदम प्रकाश पडला. हा गुरुजी रोज फळी उचलून रांजणात वाकतो. वर दगड ठेवतो. म्हणजे रांजणाचा तडा बुजवून ह्यानं पाणी साठवलंय! आपण पोहराभर पाण्यासाठी रांगेत उभं राहायचं आणि ह्यानं घरात तळं करायचं!

व्यंकट शाळेतून आला तर खोलीचं दार उघडं होतं. अव्वा हातात तांब्या घेऊन आत उभी होती.

"लपवून पाणी पिता व्हय गुरुजी? इज्जतीचं माणूस म्हून खोली दिली तुमास्नी."

"अव्वा, थांबा, त्यात पाणी न्हाय—"

पण फळी बाजूला झाली होती आणि तांब्या आत गेला होता. खरर्र आवाज झाला. तांब्या वर आला तो वाळूनं भरलेला, आणि वाळूवरून एक बोथट शेपूट लोंबत होतं.

अव्वा किंचाळली नाही. तिनं तांब्या अतिशय हळू रांजणाच्या काठावर टेकवला, शेपूट आत सरकेपर्यंत वाट बघितली, आणि मग पलंगावर बसली. "शिव शिव शिव," एवढंच ती पुटपुटत होती.

व्यंकटनं पत्र्याची ट्रंक ओढली आणि त्यात कपडे भरायला सुरुवात केली.

"कुठं निघालाव?" अव्वानं विचारलं.

"जातो की. तुमी काडायच्या आधी आपणच जावं."

"कुणी काडलं तुमाला?"

"साप हाय अव्वा घरात."

"दिसला मला. आंधळी न्हाय मी." ती उठली, रांजणात डोकावली. मांडुळानं नाक वर काढलं होतं. बारीक मण्यासारखे डोळे. "चावतो?"

"अजून तरी न्हाय चावला. इष न्हाय त्येला."

"खातो काय?"

व्यंकट ट्रंकेतला सदरा पुन्हा घडी करू लागला.

"इचारते मी, खातो काय?"

"उंदीर."

अव्वानं कानावर हात ठेवले. मटणाची अट तिनंच घातली होती, पण ह्याला मटण म्हणावं का, हा तिला पेच पडला. आपल्या कणगीतली बियाण्याची ज्वारी उंदरांनी कशी पोखरलीय, हेही तिला त्याच वेळी आठवलं.

"शिजवत तर न्हाय न्हवं?" शेवटी ती म्हणाली.

"न्हाय."

"मग अटीत बसतं. ती ट्रंक ठेवा जागेवर."

दुसऱ्या दिवसापासून अव्वाची खोलीत ये-जा सुरू झाली. आधी दारातून, मग पलंगावरून, मग रांजणाजवळ पाट मांडून. मांडूळ जेवून सुस्त पडलेलं बघून ती म्हणाली, "आमचे भावजी गिरमल्ला अस्सेच पडायचे. जेवले की संपलं, घराला आग लागली तरी उठायचे न्हाईत." तेव्हापासून मांडुळाचं नाव गिरमल्ला पडलं. एकदा वाटीतलं पाणी आटलेलं तिला दिसलं, तेव्हा व्यंकट शेजारीच वह्या तपासत होता. "अरं व्यंकट, बसलास काय? आतल्या घागरीतनं पाणी आण जल्दी, लेकरू तहानलंय," ती म्हणाली. व्यंकट दोन पावलं गेला आणि उंबऱ्यावर थांबला. अव्वानं मान वर करून बघितलं. तिला काय ते कळलं, आणि तिचा चेहरा जरा पडला. "जा की," ती हळू आवाजात म्हणाली. "तवा माझी अक्कल कमी पडली. जा, आण." तो आत गेला आणि त्यानं पाणी आणलं. त्या दिवसापासून तिनं त्याला गुरुजी म्हणायचं सोडलं.

मे महिन्यात व्यंकटला औरंगाबादला विज्ञान शिक्षकांच्या प्रशिक्षणाला जावं लागलं. महिनाभराचं काम होतं. निघताना त्यानं अव्वाला समजावून सांगितलं, "त्येला खाऊन आठच दिवस झालेत. महिनाभर न्हाय खाल्लं तरी चालतं. वाटीत पाणी तेवढं घाला. बाकी काय करू नका."

अव्वानं मान डोलावली. पण त्याची एस.टी. गावाबाहेर पडली न पडली तोवर तिच्या जिवाला घोर लागला. आपल्या घरात राहणारं कुणी महिनाभर उपाशी? असं कधी झालं नव्हतं. पाचव्या दिवशी तिनं डोक्यावरून पदर घेतला, वनस्पतीचा डबा उचलला आणि ती थेट सोसायटीत गेली.

सोसायटीच्या ओट्यावर पाच-सहा पुरुष बसले होते. अव्वा तिथं कधी यायची नाही. तिचा नवरा सभासद होता, तो गेल्यावर त्याच्या शेअरचं काय झालं हेसुद्धा तिनं विचारलं नव्हतं. सगळे सावरून बसले.

"बोला अव्वा," रामकिसन म्हणाला. "मिलो ज्वारी पायजे का? कार्ड आणलंय?"

"मिलो नको. उंदीर पायजे."

ओट्यावरचे सगळे तिच्या हातातल्या डब्याकडं बघू लागले.

"काय पायजे?"

"उंदीर! पिंजऱ्यात सापडतेत न्हवं तुमच्या? एक द्या. जरा चांगला बगून द्या, पोसलेला."

रामकिसननं डबा घेतला, गोदामात गेला, डबा भरून आणून दिला आणि शेवटपर्यंत त्याला काय विचारावं ते सुचलं नाही. अव्वा डबा हातभर लांब धरून, मान दुसरीकडं वळवून निघून गेली.

दुपारपर्यंत गावभर झालं. गळ्यात लिंग असलेली शरणम्मा उंदीर मागून नेते! कुणी म्हणालं, दुष्काळानं बाईचं डोकं फिरलं. शेजारची मालनबाई मात्र सरळ दारात येऊन उभी राहिली.

"अव्वा, लोक म्हणतेत तुमी उंदीर खाताव."

"मी न्हाय गं बाई. गिरमल्ला खातो."

"गिरमल्लाभावजी? ते तर कवाच वारले की!"

मग अव्वानं तिला रांजण दाखवला. मालनबाईनं उंबऱ्याबाहेरून मान लांब करून बघितलं आणि बाहेरूनच दोन्ही हात जोडले. आता तिनं हे सगळ्या गल्लीला सांगितलं, आणि उंदराचा बोभाटा मागं पडून सापाचा सुरू झाला.

इकडं गिरमल्ला उंदराला शिवेना. अव्वानं डबा रांजणात उपडा केला आणि डोळे मिटून शिवाचं नाव घेत बसली. खूप वेळानं डोळे उघडले तर उंदीर गिरमल्लाच्या पाठीवर बसून मिशा साफ करत होता. दुसऱ्या दिवशीही तसंच. आता उंदीरही उपाशी. अव्वाला ते बघवेना. तिनं मूठभर ज्वारी रांजणात टाकली. उंदरानं ती फस्त केली, वाटीतलं पाणी प्याला, आणि तिसऱ्या दिवशी फळीच्या फटीतून निसटून थेट तिच्या कणगीत गेला.

"भाडेकरू वाढवला म्या," ती मालनबाईला म्हणाली. पण तिचं मन हसण्यात नव्हतं. गिरमल्ला मलूल दिसत होता. मातीत शिरत नव्हता, पोट फुगलेलं होतं आणि उन्हाची तिरीप यायची त्या बाजूला जाऊन तासन्‌तास पडत होता. तिनं वाटीत दूध ठेवलं, ते तसंच नासलं. अजीर्ण झालं असेल म्हणून ओव्याचं पाणी करून ठेवलं, त्यात त्यानं नुसतं शेपूट बुडवलं. जनावरांच्या डॉक्टरकडं माणूस पाठवला, तर डॉक्टरनं निरोप दिला की बैल असता तर आलो असतो.

"व्यंकट म्हणाला होता, काय करू नका," ती रडवेली होऊन म्हणाली. "म्या ऐकलं न्हाय. काय तोंड दाखवू आता पोराला?"

जूनच्या सुरुवातीला एका सकाळी ती पाणी बदलायला गेली. फळी उचलली आणि तिला वाटलं, डोळ्यांपुढं अंधारी आली. गिरमल्लाच्या भोवती माती हलत होती. करंगळीएवढे जाड, लालसर, अंगावर काळे पट्टे असलेले तुकडे वळवळत होते. एकाच्या अंगावरचा ओला पातळ पापुद्रा अजून निघायचा होता. तो आतून धडका मारत होता. अव्वा बघत राहिली. पापुद्रा फाटला, इवलंसं तोंड बाहेर आलं आणि त्यानं जीभ बाहेर काढून हवा चाखली.

"मालन!" अव्वाच्या हाकेनं माळवदावरचे कावळे उडाले. "अगं ये मालन! पळ!"

मालनबाई पळत आली ती थेट रांजणापाशी. उंबऱ्याबाहेर थांबायचं ती विसरली.

"अगं बया! हे काय? अव्वा, साप अंडी घालतो न्हवं?"

"ह्यानं न्हाय घातली."

"ह्यानं?" मालनबाई म्हणाली. दोघींनी एकमेकींकडं बघितलं. "म्हंजी गिरमल्ला..."

"बाई निघाला की गं!"

दोघी भिंतीला टेकून इतक्या हसल्या की मालनबाईच्या डोळ्यांतून पाणी आलं. अव्वानं पदरानं तोंड पुसलं आणि एकदम गंभीर झाली. "गिरजा म्हणायचं आता. बाळंतीण हाय ती. दार लोटून घे, वारा लागंल."

तिनं डब्यातला शिल्लक गूळ काढला, फुटाणे घातले आणि गल्लीत घरोघर वाटले. बाळंतपण माझ्या घरात झालंय, असं ती ज्याला त्याला सांगत होती. तिला स्वतःला मूल नव्हतं. त्या घरात कुणाचंच बाळंतपण कधी झालं नव्हतं.

आठवड्यानं व्यंकट परत आला. एस.टी.तून उतरला तर पानवाला शब्बीर हात उंचावून म्हणाला, "मुबारक हो गुरुजी!" पुढं शिंप्याच्या दुकानातून आवाज आला, "गुरुजी, पेढे कवा?" ओट्यावरच्या म्हाताऱ्यानं विचारलं, "सगळी खुशाल हायती न्हवं?" व्यंकटचं लग्नसुद्धा झालं नव्हतं. तो ट्रंक सांभाळत कसाबसा घरी पोचला. अव्वा दारातच उभी होती.

"अव्वा, गावाला काय झालंय?"

"गावाला न्हाय, आपल्याला झालंय. हात-पाय धू आन् आत ये."

रांजणापाशी तो मांडी घालून खाली बसला. पिल्लं आईच्या आजूबाजूला मातीत निम्मी रुतून बसली होती. एक त्याच्या बोटावर चढलं. व्यंकटनं बोट उजेडाकडं धरून ते नीट बघितलं.

"म्या तर नरच समजत होतो," तो शेवटी म्हणाला.

"म्या तर दीर समजत होते," अव्वा म्हणाली. "चुकतं माणसाचं."

मग तिनं उंदराचं, दुधाचं, ओव्याच्या पाण्याचं सगळं सांगून टाकलं. सांगताना ती खाली बघत होती. व्यंकट ऐकत गेला, आणि बैलाच्या डॉक्टरपाशी त्याला जे हसू आलं ते थांबेना. मग तीही हसली.

संध्याकाळी रामकिसन आला. टोपी हातात घेऊन, अवघडून उभा राहिला.

"अव्वा, यातली दोन पिल्लं सोसायटीला मिळतील का? गोदामात उंदरांनी लई उच्छाद मांडलाय."

अव्वानं त्याला बसायलाही सांगितलं नाही. "गोदामात इषाच्या गोळ्या टाकता न्हवं तुमी?"

"टाकतो. त्याशिवाय कसं व्हायचं?"

"मग न्हाय मिळायची. इष खाल्लेला उंदीर माझ्या नातवंडांनी खाल्ला तर?"

"बंद करतो गोळ्या."

"आन् पाणी? उन्हाळ्यात कोण ठेवील? माती कोण बदलील? पोती ओढताना अंगावर पोतं पडलं म्हंजी?"

सोयरीक जमवताना मुलीकडचे विचारतात तसे तिचे प्रश्न चालले होते. रामकिसननं सगळं कबूल केलं. व्यंकट मधेच म्हणाला, "पिल्लं अजून लहान हायत, मोठे उंदीर पेलायचे न्हाईत त्यास्नी. आधी उंदरांची पिल्लंच खातील." तेही रामकिसननं कबूल केलं.

बाकीची पिल्लं अन् गिरजा सोडायचं ठरलं. अव्वाला गिरजा ठेवायची होती. दोन दिवस तिनं वाद घातला. "घरात काय कमी हाय तिला?" व्यंकट म्हणाला, "जमीन कमी हाय, अव्वा." त्यावर ती उठली आणि घमेलं शोधायला लागली.

अव्वाचं रान गावापासून मैलभर होतं. सकाळी उन्हाच्या आत दोघं निघाले. व्यंकटच्या डोक्यावर माती भरलेलं घमेलं, वर ओलं फडकं. बांधाकडेला जमीन भुसभुशीत होती. व्यंकटनं एकेक पिल्लू खाली ठेवलं. प्रत्येक पिल्लू क्षणभर थांबायचं, जीभ लवलवायचं आणि जमिनीत स्क्रूसारखं फिरत नाहीसं व्हायचं. गिरजाला अव्वानं स्वतः उचललं. पहिल्यांदाच. इतके दिवस तिनं तिला हात लावला नव्हता. दोन्ही तळहातांवर ती जड काया पेलून ती उभी राहिली, मग वाकली आणि हात जमिनीला टेकवले. गिरजा सावकाश उतरली आणि बांधाच्या कपारीत शिरली.

"मागं सुदीक बगितलं न्हाय," अव्वा म्हणाली.

"तिचं मागलं अन् पुढलं तुमाला कळतंय का?"

"गप रं," ती म्हणाली, आणि हसू लपवायला पदर तोंडाशी नेला.

गोदामातल्या पिल्लांसाठी अव्वा रोज सोसायटीत जाऊ लागली. टँकरवरून येताना वाटच तिथून होती. ओट्यावरचे पुरुष पहिले काही दिवस उठून उभे राहायचे. पुढं नुसते सरकून जागा करून द्यायचे. एक पिल्लू बरेच दिवस दिसलं नाही, तेव्हा तिनं रामकिसनला सगळी थप्पी हलवायला लावली. पिल्लू वजनकाट्याच्या खाली मजेत होतं.

पावसाळ्यात सोसायटीची वार्षिक सभा भरली. अव्वा नवऱ्याच्या शेअरवर आपलं नाव लावून घेऊन आली होती. सभेत बाई ती एकटीच. चेअरमननं विचारलं, कुणाला काही बोलायचंय का. अव्वा उठली. गोदामाच्या कौलातून गळतं, तिकडं कुणाचं लक्ष नाही, बियाणं भिजलं तर पेरणीला काय देणार, असं ती बोलत सुटली. चेअरमन म्हणाले, "अव्वा, आमाला वाटलं तुमी सापाबद्दल बोलणार."

"त्यांचं बरं चाललंय," अव्वा म्हणाली. "तुमी कौलांचं सांगा."